१९ व्या शतकातली अमेरिका : पाळणा आधी शहरात लांबला की खेड्यात?

शिरगणती (धागाकर्ता)

जननदर का घसरतो याचं पाठ्यपुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ आहे. आधी कारखाने येतात, मग शहरं वाढतात, मुलं वाढवणं महाग होतं आणि कुटुंबं आक्रसतात. अमेरिकेत हा क्रम लागत नाही. तिथल्या गोऱ्या लोकसंख्येचा एकूण जननदर १८०० च्या सुमारास बाईमागे ७ होता, १८५० ला ५.४ आणि १९०० ला ३.६. शहरात राहणारे मात्र १८०० साली शेकडा ६ आणि १८५० साली शेकडा १५. म्हणजे शतकभरातली जवळपास निम्मी घसरण झाली तेव्हा देश शेतकऱ्यांचाच होता.

राज्यपातळीवरच्या सरासऱ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. या धाग्यात काउंटीच्या (राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा घटक) पातळीवर उतरू. ग्रामीण आणि शहरी काउंट्यांची तुलना करायची तर कोणते रकाने वापरायचे, सूत्र काय आणि पाय कुठे घसरतो, एवढंच. "बायका शिकल्या म्हणून" छापाचे एकोळी प्रतिसाद नकोत. शिक्षणाबद्दल म्हणायचं असेल तर कोणत्या सालचा कोणता रकाना ते सांगा.

सुरुवातीला मोजपट्टी. जन्मनोंदणी बहुतेक राज्यांत नव्हतीच (मॅसॅच्युसेट्समध्ये १८४० च्या दशकात सुरू झाली, तीही आधी अर्धवट). त्यामुळे जनगणनेतून काढलेलं मूल-स्त्री गुणोत्तर वापरतात : ५ वर्षांखालची मुलं भागिले २० ते ४४ वयाच्या स्त्रिया, गुणिले १०००. गोऱ्या लोकसंख्येसाठी देशपातळीवरचे आकडे असे. १८०० : एकूण १२८१, शहरी ८४५, ग्रामीण १३१९. १८४० : एकूण १०७०, शहरी ७०१, ग्रामीण ११३४.

---

आकडेमोड

वरच्या सहा आकड्यांतूनच निम्मं भांडण मिटतं. कागद-पेन्सिल घ्या.

आधी शहरी स्त्रियांचा वाटा काढू. १८०० मध्ये (१३१९ − १२८१) ÷ (१३१९ − ८४५) = ३८ ÷ ४७४, म्हणजे सुमारे ८ टक्के. १८४० मध्ये ६४ ÷ ४३३, सुमारे १४.८ टक्के. लोकसंख्येतल्या शहरी वाट्यापेक्षा हा थोडा जास्त येतो, कारण तरुण बायका शहरात जास्त. ते ठीकच आहे.

एकूण घसरण २११ ची. तिचे तीन तुकडे पाडा. खेड्यातला दर १८५ ने उतरला, त्याला दोन्ही सालांचा सरासरी ग्रामीण वाटा ०.८८६ लावला की १६४. शहरातला दर १४४ ने उतरला, गुणिले ०.११४, म्हणजे १६. उरलेले ३१ हे लोक खेड्यातून शहरात सरकल्यामुळे. बेरीज २११, जमलं.

थोडक्यात, ७८ टक्के घसरण खेड्यांच्या आतच झाली. "शहरीकरणामुळे" हे उत्तर १८४० पर्यंत १५ टक्क्यांपुरतं खरं आहे. शहरी-ग्रामीण फरक मोठा आहे हे मान्य, पण फरक मोठा असणं वेगळं आणि त्या फरकाने बदल समजणं वेगळं. बरेच लेख इथेच गडबडतात.

---

जुनीवही

आकडेमोडशी सहमत, पण काउंटीवर उतरलात की पहिली अडचण वयोगटांची. दर दहा वर्षांनी रकाने बदलले, आणि ते न बघता जोडलेल्या मालिका फार दिसतात.

१७९० विसरा. गोरे पुरुष १६ च्या वरचे आणि खालचे असे दोन रकाने आहेत, गोऱ्या स्त्रिया सगळ्या एकाच रकान्यात.

१८००, १८१० आणि १८२० ला गोऱ्यांसाठी वयोगट आहेत १० च्या खाली, १० ते १५, १६ ते २५, २६ ते ४४ आणि ४५ च्या वर. ५ वर्षांखालची मुलं वेगळी नाहीतच. वर दिलेला १८०० चा आकडासुद्धा अंशतः अंदाजाने काढलेला आहे, हे ध्यानात असू द्या. काउंटीसाठी असा अंदाज लावण्यापेक्षा १० वर्षांखालची मुलं भागिले १६ ते ४४ च्या स्त्रिया हे गुणोत्तर थेट काढा. जपानी अर्थतज्ज्ञ यासुकिची यासुबा यांनी १९६२ च्या अभ्यासात हेच केलं. तोटा एवढाच की हे गुणोत्तर मागच्या दहा वर्षांची सरासरी दाखवतं आणि दहा वर्षांत मुलं मरतातही जास्त, स्थलांतरही जास्त होतं.

१८३० आणि १८४० मध्ये ५ च्या खाली, ५ ते ९, १० ते १४, १५ ते १९ आणि पुढे दहा-दहा वर्षांचे गट आले. २० ते ४४ हवं असेल तर ४० ते ४९ चा गट फोडावा लागतो. सरळ निम्मा धरू नका. वयाबरोबर संख्या उतरत जाते, शिवाय ४० वर "गोल" वय सांगणाऱ्यांचा गठ्ठा पडतो, म्हणून पहिल्या पाच वर्षांत निम्म्याहून जास्त बायका असतात. माझा सल्ला, फोडूच नका. १५ ते ४९ हा पूर्ण पट्टा घ्या आणि सगळ्या सालांना तोच लावा. आकडा खाली येतो, पण तुलना प्रामाणिक राहते.

१८५० आणि १८६० च्या छापील खंडांत काउंटीवार वयोगट चांगले आहेत, १ वर्षाखालची मुलंसुद्धा वेगळी मिळतात. १८७० पासून मात्र काउंटीच्या तक्त्यात फक्त शाळेचं वय, लष्कराचं वय आणि मतदाराचं वय एवढंच छापलंय. स्त्रियांची वयवार विभागणी काउंटीला मिळतच नाही. १८७० आणि नंतरच्या सालांसाठी व्यक्तिवार नोंदींकडेच जावं लागतं.

आणि १८९० ची मूळ पत्रकं जवळपास सगळी गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, उरलेली पाण्याने भिजली आणि पुढे नष्ट केली. त्यामुळे १८८० नंतर थेट १९००.

---

नकाशावेडा

"शहरी काउंटी" म्हणजे काय ते आधी ठरवा. २५०० वस्तीची रेघ आज सगळ्या जुन्या सालांना मागे जाऊन लावली जाते, पण १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातले जनगणनावाले स्वतः ८००० ची रेघ वापरायचे. कोणती रेघ घेतली ते तक्त्याखाली लिहिलं नसेल तर तो तक्ता बाजूला ठेवा.

न्यू इंग्लंडमध्ये (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासची ईशान्येची राज्यं) आणखी एक फसगत आहे. तिथलं "टाउन" म्हणजे गावठाण अधिक आजूबाजूची सगळी शेतं. ३००० वस्तीच्या टाउनमध्ये एकमेकांपासून अर्ध्या मैलावरच्या शेतघरांखेरीज काही नसू शकतं. नुसता आकडा बघून त्याला शहर म्हटलं की मॅसॅच्युसेट्सच्या अर्ध्या काउंट्या शहरी होतात.

सीमा हा तिसरा खड्डा. १८५० मध्ये फिलाडेल्फिया शहर १,२१,३७६ आणि फिलाडेल्फिया काउंटी ४,०८,७६२. स्प्रिंग गार्डन, नॉर्दर्न लिबर्टीज, केन्सिंग्टन, साउथवार्क ही लागून असलेली दाट वस्ती कागदोपत्री वेगळी होती. १८५४ मध्ये सगळं एक झालं आणि १८६० ला शहर ५,६५,५२९. शहराची मालिका घेतलीत तर दहा वर्षांत जवळपास पाचपट वाढ दिसेल, काउंटीची घेतलीत तर दीडपटही नाही. बॉस्टनने १८६८ ते १८७४ मध्ये रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, चार्ल्सटाउन, ब्रायटन गिळली, म्हणजे शेजारच्या नॉरफोक आणि मिडलसेक्स काउंट्यांचे दाट तुकडे बॉस्टनच्या सफोक काउंटीत गेले आणि त्या दोन्ही एका फटक्यात जास्त "ग्रामीण" झाल्या. १८७४ मध्ये न्यूयॉर्क काउंटीने वेस्टचेस्टरचा पश्चिम ब्राँक्स घेतला. पश्चिमेकडे तर एकेका काउंटीतून चार-चार काउंट्या निघाल्या.

उपाय : एनएचजीआयएसचे (अमेरिकी जनगणनांचे जुने तक्ते आणि नकाशे देणारा संगणकीय साठा) त्या-त्या सालचे सीमा-नकाशे उतरवा, एकावर एक ठेवा आणि ज्यांच्या सीमा बदलल्या त्या शेजारी काउंट्यांची एकच मोठी काउंटी करून टाका. क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटून देणं सोपं वाटतं, पण लोक जमिनीवर सारखे पसरलेले नसतात. रॉक्सबरीसारख्या ठिकाणी ते हमखास चुकतं.

---

मधलीसुट्टी

प्रश्न आहे. स्थलांतरितांमुळे मूळ अमेरिकनांनी मुलं कमी केली असं त्या काळीच म्हटलं जात होतं ना? काउंटीच्या आकड्यांत ते दिसतं का?

---

आकडेमोड

ते म्हणणं फ्रान्सिस वॉकर यांचं. १८७० आणि १८८० च्या जनगणनांचे हेच प्रमुख. आयरिश वगैरे स्वस्त मजूर आले, म्हणून जुन्या घराण्यांनी चढाओढीला कंटाळून मुलं कमी केली, असा त्यांचा तर्क.

काळ जुळत नाही. न्यू इंग्लंडचं गुणोत्तर १८०० ला १०९८, १८१० ला १०५२, १८२० ला ९३०, १८३० ला ८१२, १८४० ला ७५२. आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ १८४५ नंतरचा, लोंढा त्याच्यानंतरचा. तोवर जवळपास एक तृतीयांश घसरण होऊन गेली होती, आणि खेड्यांतलीच (ग्रामीण ११२६ वरून ८००). वॉकर आकड्यांचे बादशहा होते, पण इथे निष्कर्ष आधी आणि तक्ता नंतर असं झालेलं दिसतं.

स्थलांतरितांचा परिणाम आहे, पण तो मोजमापात. मुलं आयरिश, जर्मन कुटुंबांत जास्त होती, त्यामुळे १८५० नंतर बॉस्टन किंवा न्यूयॉर्कचं एकूण गुणोत्तर स्थिर दिसतं आणि आतल्या आत स्थानिक जन्माच्या बायकांचं उतरत असतं. व्यक्तिवार नोंदी असतील तर आईच्या जन्मस्थानाप्रमाणे दोन गुणोत्तरं काढल्याशिवाय शहरी काउंटीबद्दल बोलू नये.

---

सूतगिरणी

छेदाबद्दल कुणी बोललं नाही अजून. या गुणोत्तरात छेदात *सगळ्या* स्त्रिया आहेत, लग्न झालेल्या असोत वा नसोत. शहरी काउंट्यांत याने घोटाळा होतो.

मिडलसेक्स काउंटी, मॅसॅच्युसेट्स बघा. लोवेल तिच्यात येतं, १८५० ला वस्ती ३३,३८३. १८२० च्या दशकात वसवलेलं कापडगिरण्यांचं गाव. सुरुवातीची दोन-तीन दशकं तिथे न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेनच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली येऊन कंपनीच्या खाणावळींत राहायच्या, काही वर्षं काम करून परत जायच्या.

काल्पनिक उदाहरण घ्या. काउंटीत २० ते ४४ च्या १०,००० स्त्रिया आणि ५ खालची ८५०० मुलं, गुणोत्तर ८५०. आता बाहेरून २००० गिरणी-मुली आल्या, त्यातल्या १४०० वीस वर्षांवरच्या. मुलं तेवढीच. ८५०० ÷ ११,४०० = ७४६. एकाही आईने एकही मूल कमी न करता १२ टक्के घसरण. आणि ज्या डोंगरी काउंट्यांतून त्या आल्या तिथला छेद कमी झाल्याने तिथलं गुणोत्तर *वाढलं*. शहर-खेडं दरी दोन्ही बाजूंनी रुंदावली, निव्वळ बोर्डिंग हाउसमुळे. बॉस्टनमध्ये हेच काम घरोघरी राहणाऱ्या आयरिश मोलकरणींनी केलं.

नवरे बाहेर असलेली काउंटी हा उलटा प्रकार. नॅन्टकेट बेट म्हणजे अख्खी एक काउंटी, १८५० ला ८,४५२ माणसं. देवमाशांच्या शिकारीची जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं प्रशांत महासागरात. तिथे मुलांमधलं अंतर मोठं असण्याला गर्भनिरोधन हे पहिलं स्पष्टीकरण असू शकत नाही.

---

मधलीसुट्टी

म्हणजे आपल्या रत्नागिरीसारखं. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, बायका गावी.

---

शिरगणती

साम्य आहे, पण रत्नागिरीसाठी वेगळा धागा काढा, येईन तिकडे. इथे विषय पांगतो.

@सूतगिरणी, उपाय काय? १८५० मध्ये वैवाहिक स्थितीचा रकानाच नाही.

---

सूतगिरणी

नाही. १८५० ते १८७० मध्ये फक्त "वर्षभरात लग्न झालं का" एवढं विचारलंय. वैवाहिक स्थिती आणि कुटुंबप्रमुखाशी नातं पहिल्यांदा १८८० ला आलं.

१८५० आणि १८६० साठी दोन वाटा. पहिली, स्त्री-पुरुष प्रमाण (२० ते ४४ पुरुष दर १०० स्त्रिया) नियंत्रक म्हणून घ्या, म्हणजे त्याचा परिणाम वेगळा काढता येतो. सरहद्दीच्या (पश्चिमेकडच्या नव्या वस्तीच्या) काउंट्यांत १३० पुरुषांमागे १०० बायका असतील तर बायकांची लग्नं लवकर आणि जवळपास सगळ्यांची होतात, जुन्या पूर्वेकडे उलट. दुसरी, आयपम्सच्या (जुन्या गणनांच्या व्यक्तिवार नोंदींचा संगणकीय साठा) नोंदींतली अनुमानित नाती. आडनाव, वय आणि घरातला क्रम बघून पती-पत्नी व आई-मूल जोडलेले असतात. १८७० पर्यंतची नाती अनुमानाची आहेत हे मात्र टिपेत लिहा. घरात राहणारी विधवा बहीण पत्नी म्हणून जोडली जाते अशी प्रकरणं असतात.

---

दुसरीबाजू

आता मृत्यू. हे गुणोत्तर जन्म मोजत नाही, *जगलेली* मुलं मोजतं. शतकाच्या मध्यावर गोऱ्या बालकांत हजारी दोनशेहून जास्त पहिल्या वर्षात दगावत असल्याचे अंदाज आहेत, आणि शहरांत त्याहून वाईट. उन्हाळी हगवण, गढूळ पाणी, गोठ्यापासून दूर आलेलं दूध.

समजा शहरी काउंटीचं गुणोत्तर ६५० आणि ग्रामीणचं ८५०. मागच्या पाच वर्षांत जन्मलेल्यांपैकी गणनेच्या दिवशी हयात असण्याचं प्रमाण शहरात ०.७० आणि खेड्यात ०.८० धरा. ६५० ÷ ०.७० = ९२९ आणि ८५० ÷ ०.८० = १०६३. कच्चा फरक २४ टक्के होता, दुरुस्त फरक १३ टक्के. शहरी बायका दिसतात तेवढ्या वेगळ्या नव्हत्या, त्यांची मुलं मरत होती.

दुरुस्तीचा गुणक नमुना-आयुर्मान तक्त्यांतून (कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचे ठरावीक तक्ते) घ्यावा लागतो. १८५० आणि १८६० ला मृत्यूंचं वेगळं पत्रक होतं (मागच्या १२ महिन्यांतले मृत्यू), पण मृत्यू सर्रास नोंदवायचे राहून गेले आहेत, तान्ह्या मुलांचे तर फारच. त्यातून थेट दर काढू नका. काउंट्या-काउंट्यांमधला *क्रम* बघायलासुद्धा जपून.

तान्ही मुलं मोजणीतूनही सुटतात. बाळाचं नाव ठेवलं नसेल तर घरच्यांच्या ध्यानातच येत नाही. हे सुटणं शहर आणि खेड्यात सारखं असेल असं गृहीत धरायला आधार नाही.

---

बांधावरून

इतका वेळ मोजपट्टीच चाललीय, कारणांकडे या. जमीन.

यासुबांनी दाखवलं की जिथे लागवडीयोग्य जमिनीवर माणसांची दाटी जास्त तिथे मुलं कमी. फॉर्स्टर आणि टकर यांनी १९७२ मध्ये मोजमाप सुधारलं : दाटीऐवजी दर शेतामागे प्रौढ किती. रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७० च्या दशकात त्याला कारणाची जोड दिली. उत्तरेतला शेतकरी बाप प्रत्येक मुलाला जीवनात उभं करून देऊ पाहतो, शक्यतो जवळच्या शेतावर. आसपासची जमीन भरली, भाव चढले, की चार मुलांना ते जमतं, आठांना नाही. त्यांचा आधार होता १८६० च्या उत्तरेकडच्या १०२ टाउनशिपमधल्या (काउंटीतले छोटे विभाग) ग्रामीण कुटुंबांचा नमुना.

आकडे याला अनुकूल आहेत. १८०० मध्ये न्यू इंग्लंडचं गुणोत्तर १०९८, पण ओहायो नदीच्या उत्तरेच्या नव्या वस्त्यांत १८४० (हे गुणोत्तरच, साल नव्हे). त्या दोन्ही प्रदेशांत लोक मुख्यतः शेतकरी, धर्म प्रॉटेस्टंट, बरेचसे एकाच रक्ताचे. फरक जमिनीचा. सरकारी जमिनीचा भाव १८२० च्या कायद्याने एकरी सव्वा डॉलर रोख झाला, किमान ८० एकर. म्हणजे १०० डॉलरमध्ये शेत. पूर्वेच्या जुन्या काउंटीत एवढ्यात काय मिळणार!

काउंटीसाठी मोजायचं कसं : १८५० पासूनच्या शेतीपत्रकात लागवडीखाली आणलेले एकर, न आणलेले एकर आणि शेताची रोख किंमत आहे. किंमत ÷ एकर असा भाव काढाल तेव्हा लक्षात ठेवा, त्यात इमारतीही आहेत, त्यामुळे मोठे गोठे असलेली पेन्सिल्वेनिया महाग दिसते. आणि वर्षाला १०० डॉलरहून कमी उत्पन्नाची शेतं १८५० मध्ये मोजलेलीच नाहीत, सबब गरीब डोंगरी काउंटीत "दर शेतामागे प्रौढ" फुगतो.

---

सूतगिरणी

बांधावरून साहेब, तुलना सुरेख, पण एकाच वेळच्या दोन ठिकाणांची. काळाच्या अंगाने बघा. शतकभर नवी जमीन खुली होत होती, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जवळपास फुकट मिळू लागली, तरी घसरण थांबली नाही. आणि शहरातल्या सुताराला, दुकानदाराला कुठली जमीन वाटायची होती? शहरी गुणोत्तरही ८४५ वरून ७०१ वर आलंच.

शिवाय जमीन स्वस्त तिथे पुरुष जास्त, लग्नं लवकर. हा परिणाम लग्नातून आला की लग्नानंतरच्या संयमातून? डेव्हिड हॅकर यांनी २००३ मध्ये मांडलं की विवाहांतर्गत जननदर शतकाच्या मध्यापर्यंत फारसा हललाच नव्हता, आधीची घसरण मुख्यतः लग्नाचं वय आणि अविवाहितांचं प्रमाण वाढल्याने. हे मान्य केलं तर १८४० पूर्वीच्या काउंट्यांत "कुटुंबनियोजन" शोधणं व्यर्थ. मी पूर्ण मान्य करत नाही (न्यू इंग्लंडच्या काही गावांच्या कुटुंबवार नोंदींत शेवटचं मूल लवकर झालेलं दिसतं), पण स्त्री-पुरुष प्रमाण न घालता जमिनीचा गुणक छापणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

---

बांधावरून

मुद्दा रास्त. दुसरं स्पष्टीकरण सुंडस्ट्रॉम आणि पॉल डेव्हिड यांचं (१९८८) : मुलं म्हणजे म्हातारपणाची काठी, पण जवळच गिरणीत, शहरात रोजगार मिळू लागला की मुलगा जमिनीच्या आशेवर थांबत नाही. बापाला काठीची खात्री उरत नाही. हे शहराजवळच्या *ग्रामीण* काउंटीला लागू पडतं. म्हणजे काउंटी ग्रामीण की शहरी यापेक्षा ती बाजाराच्या, कालव्याच्या किती जवळ हे जास्त बोलतं. एरी कालवा १८२५ ला पूर्ण झाला, त्याच्या काठच्या न्यूयॉर्कच्या काउंट्या यासाठी उत्तम प्रयोगभूमी आहेत.

---

जुनीवही

सामाजिक स्थितीचे रकाने म्हणाल तर १८५० चं सहावं पत्रक खजिना आहे. शेतमजुराची जेवणासह महिन्याची मजुरी, रोजंदारी जेवणासह आणि जेवणाशिवाय, सुताराची रोजी, मोलकरणीचा जेवणासह आठवड्याचा पगार, शाळा, ग्रंथालयं, वर्तमानपत्रं, पोटासाठी सरकारी मदतीवर असलेले स्थानिक आणि परदेशी, कैदी, आणि पंथवार चर्चमधल्या बसण्याच्या जागा. निरक्षरता व्यक्तिपत्रकात आहे : २० वर्षांवरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्यांची नोंद. मारिस विनोव्स्किस यांनी राज्यवार तुलनेत जमिनीपेक्षा साक्षरतेचा दुवा पक्का असल्याचं दाखवलं ते यावरूनच.

चर्चच्या जागांबद्दल सावध. त्या इमारतीतल्या आसनांची क्षमता आहेत, भक्तांची संख्या नाही. तरीही काउंटीतल्या एकूण जागांत कॉन्ग्रिगेशनल, युनिटेरियन, युनिव्हर्सलिस्ट पंथांचा वाटा किती, हा मानसिकतेचा बरा निर्देशक मानला जातो. हे पंथ जास्त तिथे मुलं कमी. अर्थात हे पंथ न्यू इंग्लंडचे आणि तिथून पश्चिमेला गेलेल्यांचे, म्हणून न्यू इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांचं प्रमाण शेजारी ठेवल्याशिवाय पंथाला श्रेय देऊ नका.

१८४० च्या पत्रकातही निरक्षरतेचा रकाना आहे, पण त्या सालचे सामाजिक रकाने किती बेभरवशाचे याचा नमुना : मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी रुग्णालयातले १३३ गोरे मनोरुग्ण छापील तक्त्यात कृष्णवर्णीय म्हणून आले. डॉ. एडवर्ड जार्विस यांनी तेव्हाच ही चूक दाखवून दिली होती.

---

दुसरीबाजू

वरचे सगळे आकडे "गोऱ्या" लोकसंख्येचे आहेत, हे एकदा ठळक म्हणायला हवं. दक्षिणेतल्या कित्येक काउंट्यांत निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. १८३० आणि १८४० ला त्यांचे वयोगट १० खाली, १० ते २३, २४ ते ३५ असे, म्हणजे गोऱ्यांशी थेट तुलना होत नाही. १८५० आणि १८६० च्या गुलाम-पत्रकात मालकाचं नाव आणि गुलामाचं फक्त वय, लिंग, वर्ण. आई-मूल जोडताच येत नाही, नुसतं गुणोत्तर निघतं. आणि तेही फसवं. अंदाजे तिसरा हिस्सा बाळं पहिल्या वर्षात जात होती, म्हणून जन्म खूप जास्त असूनही मोजलेली मुलं तेवढी दिसत नाहीत. शिवाय तरुण स्त्री-पुरुषांना विकून नैर्ऋत्येच्या कापसाच्या काउंट्यांत नेलं जात होतं, त्यामुळे व्हर्जिनियातला छेद आणि मिसिसिपीतला छेद दोन्ही वाकलेले. १८७० च्या गणनेत दक्षिणेत मोठी गळती आहे. मुक्तीनंतरच्या तुलनेला १८८० घ्या.

---

शिरगणती

खूप काम झालं. आयपम्स वापरणाऱ्यांनी नेमके सापळे सांगाल का? टक्केवारी-नमुना पुरेल की संपूर्ण गणना लागेल?

---

आकडेमोड

काउंटीसाठी संपूर्ण गणनाच. १ टक्का नमुन्यात २०,००० वस्तीच्या काउंटीतून २०० माणसं येतात, त्यात २० ते ४४ च्या बायका ३०-४०. त्यावर गुणोत्तर काढणं म्हणजे फासे टाकणं. संपूर्ण गणनेतसुद्धा २०० स्त्रिया आणि २०० मुलांच्या काउंटीत निव्वळ योगायोगाने ±१४ टक्के हलतं, म्हणून समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) स्त्रियांच्या संख्येचं वजन द्या, नाहीतर नेब्रास्काच्या चार रिकाम्या काउंट्या तुमचा निष्कर्ष ठरवतील.

१९०० ला "एकूण किती मुलं झाली, किती हयात" हा प्रश्न आहे. आयपम्समधल्या त्या रकान्याच्या सांकेतिक क्रमात ० म्हणजे "लागू नाही", १ म्हणजे "मूल नाही", २ म्हणजे "एक मूल". एक वजा न करता सरासरी काढली की प्रत्येक बाईला एक मूल फुकट मिळतं. हे छापील निबंधिकांतही सापडतं. दुसरं, १९०० मध्ये साठीच्या बाईची मुलं १८५५ ते १८८० मध्ये, बहुधा दुसऱ्याच काउंटीत झालेली. १९०० च्या काउंटीची परिस्थिती तिच्या मुलांच्या संख्येशी जोडू नका. न्यूयॉर्क राज्यापुरतं काम असेल तर राज्याच्या १८६५ च्या गणनेत स्त्रियांना झालेल्या मुलांची संख्या विचारलेली आहे, ती जास्त जवळची.

१८८० साठी आईशी जोडलेली ५ खालची मुलं मोजताना सावत्र आईचा निर्देशक तपासून त्या जोड्या वगळा. बाळंतपणात आई गेलेली घरं थोडीथोडकी नव्हती.

---

नकाशावेडा

एक भर. एनएचजीआयएसच्या काउंटी-संकेतांकात राज्याला ३ आणि काउंटीला ४ अंक असतात, पुढच्या शून्यांसह. स्प्रेडशीटमध्ये राज्य आणि काउंटीचे रकाने वेगळे उघडले की ती शून्यं उडतात आणि मग जोडणीत अॅलाबामापासूनच गोंधळ सुरू होतो. फाइल आत घेतानाच ते रकाने "मजकूर" म्हणून घ्या. आणि शेवटचा अंक ० नसेल तर दचकू नका, तो नंतर नाहीशा झालेल्या किंवा नाव बदललेल्या जुन्या काउंट्यांसाठी राखलेला असतो. त्या ओळी गाळल्या तर नेमक्या सरहद्दीवरच्या वस्त्या गळतात.

---

शिरगणती

एरी कालव्याच्या काउंट्या घेऊन १८३०, १८४०, १८५०, तिन्ही सालांना १५ ते ४९ चाच छेद, असा तक्ता करायला घेतो. न्यूयॉर्कच्या त्या पट्ट्यात १८२० नंतर कोणत्या काउंट्या फुटल्या याची यादी नकाशावेडा यांनी दिली तर जोडण्या आधीच करून ठेवता येतील.

---

नकाशावेडा

पटकन आठवतात त्या : मन्रो १८२१ मध्ये जेनेसी आणि ऑन्टॅरिओतून, एरी त्याच साली नायगारातून, वेन १८२३ मध्ये ऑन्टॅरिओ आणि सेनेकातून, ऑर्लियन्स १८२४ मध्ये जेनेसीतून. वायोमिंग १८४१ मध्ये जेनेसीतूनच निघाली, म्हणजे तुमच्या १८४० आणि १८५० च्या मधोमध. जेनेसी आणि वायोमिंग तिन्ही सालांना एकत्रच ठेवा.